खाणीतून परत येणारी जमीन कोणाची?

घुग्घुसहून वणीकडे येणाऱ्या रस्त्यावर ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बंडीतून प्रवास केला आहे त्यांना आठवत असेल, त्या वाटेवर टेकड्या नव्हत्या. वर्धेच्या खोऱ्यातली ती सपाट काळी जमीन, पऱ्हाटी आणि ज्वारीची. आज मुंगोली, निलजई, उकणीच्या बाजूला नजर टाकली की राखाडी डोंगररांगा दिसतात. नवखा माणूस विचारतो, हा कुठला डोंगर? हा डोंगर देवाने केलेला नाही. एक टन कोळसा काढायचा तर त्याच्यावरची चार-पाच घनमीटर दगडमाती आधी काढून बाजूला टाकावी लागते, आणि ती ज्याच्या धुऱ्याशेजारी पडते त्याच्या शेताचे पुढे काय झाले हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

खाणीला विरोध की खाणीला पाठिंबा, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. तो पुष्कळ झाला. कोळसा निघाला, वीज तयार झाली, ती कोणत्या शहरात गेली आणि आपल्या विहिरीवरच्या मोटारीला रात्री किती तास मिळाली, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत उघडलेल्या खुल्या खाणींतला कोळसा आता एकेक करून संपत आला आहे. काही खड्डे पाण्याने भरले, काही दगडमातीने बुजवले गेले, ढिगाऱ्यांवर झाडे लावल्याचे फलक लागले. म्हणजे जमीन 'परत' येते आहे. ती कोणत्या अवस्थेत येते आणि कोणाकडे जाते, या दोन गोष्टींचा विचार शेतकऱ्याने केला नाही तर तो दुसरे कोणी तरी करील. किंबहुना करायला लागलेच आहेत.

आधी अवस्थेचे पाहू. 'काळी आई' वगैरे म्हणायला कवींना बरे असते. शेतकऱ्याला ती काळी का आहे आणि किती खोल आहे हे माहीत असावे लागते. आपल्या भारी जमिनीत निम्म्याहून अधिक चिकणमाती असते. म्हणून ती पाणी धरते, आणि म्हणूनच सप्टेंबरात पाऊस गेला तरी पऱ्हाटी दिवाळीपर्यंत तग धरते आणि रब्बीची ज्वारी ओलीवर येते. कोरडवाहू शेतकऱ्याचे धरण हेच, जमिनीच्या पोटातले. खाणीत ही काळी माती वरच असते. तिच्याखाली मुरूम, त्याखाली वालुकाश्म, शेल, पांढरी-पिवळी चिकणमाती आणि मग कोळसा. डम्परने उलटे ओतत गेले की सगळ्यात खालचा दगड सगळ्यात वर येतो आणि काळी माती पोटात गाडली जाते. वर आलेल्या दगडात सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, स्फुरद नाही. पाणी धरायला चिकणमाती नाही. कोळशाचे चुरे आणि गंधक असलेला दगड मिसळला असेल तर ती आंबट होते. वर डम्परच्या चाकांनी ती अशी दबते की कुदळ उसळते. उन्हाळ्यात अशा ढिगाऱ्यावर अनवाणी चालून पाहावे.

यावर उपाय नाही असे नाही. उपाय जुना आहे आणि फार शहाणपणाचाही नाही: वरची माती आधी वेगळी काढा, वेगळी ठेवा, शेवटी वर पसरा. पर्यावरण मंजुरीच्या अटींत हे लिहिलेलेच असते. हिशेब करून पाहा. एक हेक्टरवर फक्त ३० सेंटिमीटर माती काढून ठेवायची म्हणजे ३,००० घनमीटर. १०० हेक्टरच्या खाणीची ३ लाख घनमीटर. ती कोठे ठेवली आहे, असे कोणत्याही खाणीच्या दारात जाऊन विचारा. फलक लावलेला एक ढीग दाखवतील. तो मोजावा. लांबी, रुंदी, उंची पावलांनी मोजता येते, त्याला इंजिनियर लागत नाही. ढीग ३ लाखांचा आहे की ३० हजारांचा हे कळायला अर्धा तास पुरे. उरलेली माती रस्त्याच्या भरावात गेली, डोंगराच्या पोटात गेली की आणखी कोठे, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

माती ठेवली तरी ती कशी ठेवली याला महत्त्व आहे. तुरीच्या बियाण्याला आपण जिवाणूंचे पाकीट लावतो, ते जिवाणू मातीत राहतात. मुळांना चिकटून राहणारी आणि त्यांना स्फुरद पुरवणारी एक बुरशीही असते. उंच ढीग करून माती वर्षानुवर्षे ठेवली की आतला भाग हवेवाचून कोंदटतो आणि हे सगळे मरते. दहा वर्षांनी पसरलेली माती दिसायला काळी असते पण जिवंत नसते. म्हणून ढीग बुटका हवा, त्यावर ताग, धैंचा, स्टायलो असे काही पेरलेले हवे, आणि शक्य तितक्या लवकर ती माती खाणीच्या बुजवलेल्या भागावर पसरायला हवी. खाण पुढे सरकत जाते आणि मागचा खड्डा बुजत जातो. पुढची माती थेट मागच्या बुजवलेल्या जागेवर टाकली तर ढीग करायची गरजच पडत नाही.

जेथे वरची माती गेलीच तेथे काय? यासाठी परदेशात जायला नको. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर काम करून दाखवले. पुढे भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला आणि चंद्रपूरच्या कोळशाच्या ढिगाऱ्यांवरही केले. पद्धत शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येईल अशी आहे. खड्डा घ्यायचा, त्यात ढिगाऱ्याच्या मातीबरोबर शेणखत किंवा साखर कारखान्याची मळी मिसळायची, तशाच खडकाळ जागेत टिकून राहिलेले नत्राचे जिवाणू आणि मुळांची बुरशी वाढवून रोपाला द्यायची, आणि साग, शिसू, कडुनिंब, शिवण, आवळा, बांबू अशी झाडे लावायची. ज्या ढिगाऱ्यावर कुसळ उगवत नव्हते तेथे बहुतेक रोपे जगली आणि झाडोरा उभा राहिला. म्हणजे ज्ञान नव्हते ही सबब कोणालाही सांगता येणार नाही. ते ज्ञान खाणीपासून मोटारीने दोन-तीन तासांच्या अंतरावर होते.

तरीही बहुतेक ढिगाऱ्यांवर आपल्याला काय दिसते? ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, कासोद, निलगिरी, गुलमोहर. लवकर वाढतात, लांबून हिरवे दिसतात, ढोर त्यांतल्या बहुतेकांना तोंड लावत नाही म्हणून राखण लागत नाही, आणि उद्घाटनाच्या फोटोत छान येतात. सुबाभळीचा पाला ढोर खाते हे खरे, पण ढिगाऱ्यावर ढोर जाऊ देतो कोण? जेथे हेही लावले नाही तेथे विलायती वेडी बाभूळ आपणच माजते. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात खाणीच्या आणि वीजकेंद्राच्या आसपास अशा झुडपांत वाघ-बिबट्यांनी ठाण मांडले. २०२२ च्या फेब्रुवारीत तेथे लागोपाठ दोन बळी गेले, एक कामगार आणि एक कोवळा मुलगा. रानडुकरे आणि रोही यांचे तर विचारायलाच नको. दिवसा ढिगाऱ्याच्या झुडपात, रात्री आमच्या ज्वारीत. हिरवे झाले म्हणजे सुधारले, ही समजूत ज्यांना शेत राखावे लागत नाही त्यांची आहे.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या प्रकरणात एक आदेश दिला. आपल्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. खाणकाम संपल्यावर खाणपट्ट्याची आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागेची पुन्हा गवताळ जमीन केली पाहिजे, तेथे चारा आणि इतर वनस्पती, जीवजंतू वाढू शकतील अशी ती झाली पाहिजे, आणि त्याचा सगळा खर्च खाणवाल्याने करावा, अशी अट खाणपट्ट्यात आणि पर्यावरण मंजुरीत घालण्यास न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने तसे परिपत्रक काढले. आदेशात झाड हा शब्द पुढे नाही, चारा हा शब्द पुढे आहे. म्हणजे गुलमोहर लावून हा आदेश पाळला जात नाही.

चाऱ्याचे मोल कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. विदर्भात ज्वारीचा पेरा गेल्या तीस वर्षांत आटत गेला, तिची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही. कडबा गेला तशी बैलजोडी गेली, गाय गेली, शेणखत गेले. मग रासायनिक खताच्या पोत्यावर भिस्त आली आणि पोत्याच्या भावावर आपले काही चालत नाही. अशा वेळी गावाच्या शेजारी शेकडो एकर उतार गवताखाली येऊ शकतो ही किरकोळ बाब नाही. मारवेल, शेडा, पवन्या, अंजन गवत, जोडीला स्टायलो: ही नावे आपल्या गुराख्यांना पाठ आहेत किंवा होती. गवताची मुळे उतारावरची माती झाडापेक्षा लवकर बांधतात. उतार २८ अंशांपेक्षा उभा नको, आडवे बांध आणि पायथ्याशी चर हवेत, नाही तर पहिल्या मृगातच ढिगाऱ्याची राखाडी रेती वाहत येऊन खालच्या शेतावर पसरते. हे नुकसान सोसणारे कित्येकजण हा अंक वाचत असतील.

पण गवत कापायचे कोणी? येथेच गोम आहे. आज ढिगाऱ्यावर पाय ठेवला तर सुरक्षारक्षक हाकलतो. नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल, कारण चालू खाणीत सुरुंग उडतात आणि ढिगारे घसरतात. मात्र काम थांबलेल्या, स्थिर झालेल्या ढिगाऱ्यावर कापून नेण्याचा हक्क शेजारच्या गावाला लेखी मिळायला काय हरकत आहे? चराई पहिली काही वर्षे नकोच, कापणीच हवी. आणि एक गोष्ट आपणही मान्य केली पाहिजे: हे गवत ढोरांना घालण्याआधी त्याची तपासणी व्हावी, ढिगाऱ्यात काय काय आहे ते पाहावे, धूळ किती बसते ते पाहावे. फुकटचा चारा म्हणून आजारी जनावर पदरात घेण्यात अर्थ नाही.

आता पैशाकडे वळू, कारण आपल्या देशात नियम पैशापाशी येऊन थांबतात. कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याच्या सूचना काढल्या. त्यानुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या दराने रक्कम एका राखीव खात्यात दरवर्षी जमा करायची. नंतर दर वाढले. २०१३ च्या सुधारित सूचनांत दर पाच वर्षांनी काम तपासून, जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे कंपनीला परत देण्याची सोय होती. म्हणजे हा पैसा जमिनीच्या नावाने बाजूला ठेवलेला आहे. जमिनीचे काम झाले असा दाखला मिळाला की तो सुटतो. दाखला देताना कोणाला विचारतात? तज्ज्ञ संस्थेला. ज्याच्या शेतातून ती माती उचलली त्याला विचारण्याची तरतूद नाही. रोपे किती लावली हे मोजले जाते. ज्वारी किती पिकली हे मोजले जात नाही.

हे मोजता येते. अमेरिकेत १९७७ पासून खाणींच्या पुनर्भरणाचा कायदा आहे. चांगली पीकजमीन खणली असेल तर थर वेगवेगळे काढून त्याच क्रमाने परत टाकावे लागतात, आणि किमान तीन पीकवर्षे आजूबाजूच्या न खणलेल्या जमिनीइतके उत्पन्न काढून दाखवल्याशिवाय खाणवाल्याची अनामत सुटत नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या भागात तपकिरी कोळशाच्या प्रचंड खाणी आहेत. तेथे बुजवलेल्या खाणीवर दोन मीटर जाडीचा पिवळ्या सुपीक मातीचा थर टाकतात, पहिली तीन वर्षे त्यात लसूणघास घेतात म्हणजे मुळे खोल जाऊन माती मोकळी होते आणि नत्र वाढते, आणि सात वर्षे कंपनी स्वतः ती जमीन कसते. त्यानंतर ती शेतकऱ्याच्या हातात जाते. तेथील शेतकरी आपल्यापेक्षा हुशार आहे असे नाही. जमीन परत घेण्याचा त्याचा हक्क तेथील व्यवस्थेने गृहीत धरलेला आहे, इतकेच.

आपल्याकडे तसे का होत नाही? कारण बहुतेक कोळशाची जमीन १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. त्या कायद्याने जमीन आधी केंद्र सरकारकडे आणि मग सरकारी कंपनीकडे निहित होते, आणि कोळसा संपला तरी ती कंपनीचीच राहते. आत कोळसा आहे म्हणून घेतलेली जमीन कोळसा नसताना कोणत्या न्यायाने ठेवायची, याचे उत्तर कायद्यात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी जमीनपेढीला परत जाण्याचे १०१ वे कलम आहे, पण १९५७ च्या कायद्याखालच्या जमिनीला ते लागू नाही. नव्या कायद्यातले मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे दर तेवढे २०१५ पासून तिकडे नेले. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी एक धोरण मंजूर केले: कोळसा काढून झालेल्या जमिनी कोळसा व ऊर्जेशी संबंधित उद्योगांना भाडेपट्ट्याने देता येतील. भाडे कंपनीला. मूळ शेतकऱ्याचा उल्लेख नाही.

दुसरी वाट वनखात्याकडून येते. २०२२ च्या वन संवर्धन नियमांत, बिगरवन जमिनीवर आधीच उभे केलेले जंगल पर्यायी वनीकरणाच्या हिशेबात धरण्याची सोय झाली. याचा अर्थ साध्या मराठीत असा: तुमच्या वावरातून कोळसा काढला, त्यावर झाडे लावली, आणि ती झाडे दाखवून दुसरीकडे जंगल तोडण्याची परवानगी मिळवली. एकदा वावर वनाच्या हिशेबात चढले की ते पुन्हा वावर होत नाही. स्वतःच्या धुऱ्यावरचे सागाचे झाड तोडायला ज्याने परवानगीसाठी चकरा मारल्या आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. मोबदला घेतला, घरटी नोकरी घेतली, आता जमीन परत कशी मागता? या आक्षेपाला टाळून जाणे बरोबर नाही. ज्यांना नोकरी मिळाली त्यांची घरे उभी राहिली हे खरे आहे. पण तो व्यवहार नव्हता. विकणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा असते तेव्हा त्याला व्यवहार म्हणतात. भाव सरकारने ठरवला, तारीख सरकारने ठरवली, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून घेतल्यावर दाद मागायची जागाही आक्रसली. म्हणून आमचे मत असे: जमीन फुकट मागू नये. सुधारलेली जमीन कंपनी कोणाला भाड्याने किंवा विकत देणार असेल तर पहिला हक्क मूळ खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा, शेतीच्या भावाने. त्याला नको असेल तर गावाचा. त्यालाही नको असेल तर मग कोणाही उद्योगाचा.

आणि घाईही नको. काही कार्यकर्ते उत्साहाने सगळेच ढिगारे मागायला निघाले आहेत. ढिगाऱ्याच्या उतारावर पऱ्हाटी होणार नाही, पुढच्या पिढीतही नाही. बुजवलेली जमीन वर्षानुवर्षे खचत राहते, त्यावर विहीर खणता येत नाही, बांधकाम टिकत नाही. अशी जमीन आज सातबारावर चढवून घेतली तर बँकेचे कर्ज आणि नापिकी दोन्ही गळ्यात पडतील आणि कंपनी बंद करण्याच्या जबाबदारीतून मोकळी होईल. सपाट केलेली, वर हातभर तरी काळी माती पसरलेली, तीन हंगाम पीक घेऊन दाखवलेली जमीनच शेतीसाठी घ्यावी. उतार गवताला, कडेचे पट्टे बोर, सीताफळ, आवळा, बांबूला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बिगरवन जमिनीवरच्या बांबूला तोडीच्या परवान्याची कटकट राहिलेली नाही, ही त्यातली एक बरी गोष्ट. पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा प्रश्न वेगळा आहे. ते पाणी तपासून उपशाला मिळाले तर काही गावांना ते जमिनीपेक्षा मोलाचे ठरेल. त्यावर पुढच्या अंकात लिहू.

जिल्हा बैठकीत हा विषय दुपारच्या सत्रात घेतला आहे. ज्यांची जमीन खाणीत गेली त्यांनी संपादनापूर्वीचा सातबारा, संपादनाची अधिसूचना आणि मोबदल्याची पावती यांच्या झेरॉक्स आणाव्यात. ज्यांचे शेत ढिगाऱ्याला लागून आहे त्यांनी वाहून आलेल्या गाळाखालची आणि त्याच शेतातल्या चांगल्या भागातली, अशी दोन ठिकाणची किलोभर माती वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून, गट नंबर लिहून आणावी. खाणीजवळच्या प्रत्येक गावाने माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा, राखीव खात्यात आजवर जमा झालेली आणि परत दिलेली रक्कम, आणि काढून ठेवलेल्या वरच्या मातीची घनमीटरमधली नोंद. अर्जाचा नमुना बैठकीत मिळेल. आणि येण्याआधी तो मातीचा ढीग एकदा पावलांनी मोजून यावे.